पहिली १० मीटर एअर रायफल : मापं, ट्रिगर, पेलेट, सिलिंडर आणि पावसाळ्यातली निगा

दहा_पूर्णांक_नऊ (धागाकर्ता)

शाळा-कॉलेजं सुरू झाली की रेंजवर नवीन मुलं येतात आणि पालकांचे तेच तेच प्रश्न सुरू होतात: कुठली रायफल घेऊ, तिला काय काय लावू, किती दिवसांनी साफ करू. उत्तरं एका ठिकाणी असावीत म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तर दुरुस्त करावं.

आधी दोन प्रकारच्या रायफलींचा घोळ मिटवू. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ब्राँझ मिळवलं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे काडतुसाच्या .२२ रायफलने. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरोला जगज्जेता झाला तो १० मीटर एअर रायफलमध्ये. .२२ ला शस्त्र अधिनियम १९५९ खाली परवाना लागतो. ४.५ मिमी नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला तो लागत नाही. मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची रायफल, साधारण ७.५ ज्यूलचीच असते, त्यामुळे आपण मर्यादेच्या खूप आत असतो. नवशिक्याची सुरुवात इथूनच, आणि हा धागाही मुख्यतः तिच्याबद्दलच.

कुणी "पॉवर वाढवून देतो" म्हणालं तर रायफल त्याच्या हातात देऊ नका. मॅच रायफलचा वेग सेकंदाला १७० ते १७५ मीटर ठेवलेला असतो. दहा मीटरवर त्याहून जास्त वेगाचा उपयोग शून्य. दर शॉटला वेग सारखा राहणं हेच तिचं सगळं कौशल्य आहे, आणि रेग्युलेटरला (नळीकडे जाणारा हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) हात लागला की तेच बिघडतं.

पैसे कुठल्या क्रमाने खर्च करावेत. पहिले दोन-तीन महिने क्लबची रायफल वापरा. तेवढ्यात स्वतःचे बूट, हातमोजा आणि जॅकेट-ट्राउझर घ्या. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ) नियमाप्रमाणे जॅकेटची जाडी एका थराला २.५ मिमी, दुहेरीला ५ मिमी याच्या वर चालत नाही. जुनं जॅकेट विकत घेताना हे मोजून घ्या, कारण ठिगळं लावलेली जॅकेटं तपासणीत अडकतात. रायफल त्यानंतर. वजनं, रंगीत चीकपीस (गाल टेकवायची पट्टी), महागडी आयरिस (मागच्या साईटचं लहान-मोठं करता येणारं भोक) सगळ्यात शेवटी. बरेच पालक नेमका उलटा क्रम लावतात.

जुनी रायफल घेताना सगळ्यात आधी हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचा. सिलिंडर बनवल्यापासून १० वर्षं वापरायचा असतो, त्यापुढे तो स्पर्धेत चालत नाही आणि भरणं धोक्याचंही आहे. नवीन सिलिंडरची किंमत मागणीतून वजा करूनच सौदा करा. मग नळीचं तोंड भिंगातून पाहा, तिथे ओरखडा नको. फिलिंग अडॅप्टर (हवा भरायचा जोड) त्याच मॉडेलचा आहे ना, पीप साईटचे (बारीक भोकाची मागची साईट) दोन्ही नॉब पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखे "कट-कट" वाजतात ना, बटप्लेटचे (खांद्याला टेकणारा भाग) सगळे स्क्रू जागेवर आहेत ना, तेही पाहून घ्या. आणि पाच शॉटचे दोन ग्रुप (एकाच जागी नेम धरून मारलेल्या शॉटचा पुंजका) टेकू देऊन मारल्याशिवाय पैसे देऊ नका.

---

पालक_वारजे

मुलगी १३ वर्षांची, वजन ३८ किलो. क्लबची रायफल साडेचार किलोच्या आसपास आहे. ती उभी राहिली की पाठ मागे वाकते. हे वजनामुळे का? रायफल हलकी करता येते का?

---

दहा_पूर्णांक_नऊ

ताई, पाठ थोडी मागे जाणं आणि कमरेतून किंचित वळणं हा उभ्या पोझिशनचाच भाग आहे. डावा कोपर कमरेच्या हाडावर टेकतो आणि रायफलचं वजन हाडांवरून सरळ पायात उतरतं. पण ती मागे झुकून रायफल पोटावर पेलत असेल, किंवा दहा शॉटनंतर कंबर दुखते म्हणत असेल, तर वजन जास्त आहे. नियमात कमाल ५.५ किलो आहे, किमान काहीच नाही. नळीखालची आणि स्टॉकमधली (रायफलचा दस्ता) जादा वजनं काढून टाका, आखूड सिलिंडर मिळत असेल तर तो लावा. या वयात पहिले सहा महिने एकही वजन लावायचं नाही. एका वेळी वीस शॉट, मग रायफल स्टँडवर ठेवून बसायचं.

आता मापांबद्दल सविस्तर, कारण बहुतेक वेळा खरं दुखणं वजनात नसून मापात असतं.

सगळी मापं जॅकेट, ट्राउझर, बूट घालूनच घ्यायची. टी-शर्टवर घेतलेलं माप जॅकेट चढवल्यावर एक-दीड सेंटिमीटरने चुकतं. क्रमही हाच ठेवा, कारण पुढची गोष्ट मागचीवर अवलंबून आहे.

पहिलं, बटची लांबी. उजवा कोपर काटकोनात वाकवून बटप्लेट कोपराच्या खोबणीत टेकवा. तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर आरामात पोचलं पाहिजे. बट लांब झाला की खांदा मागे ओढला जातो. आखूड झाला की नाक पीप साईटला लागतं आणि मनगट मुडपतं.

दुसरं, बटप्लेटची उंची. नेमबाजाला डोळे मिटून, मान ताठ ठेवून, रायफल खांद्याला लावायला सांगा. रायफल डोक्यापर्यंत आली पाहिजे, डोकं रायफलपर्यंत वाकायला नको. मान खाली जात असेल तर बटप्लेट खाली सरकवा, म्हणजे रायफल वर येते. बटप्लेट वर सरकवली की रायफल खाली जाते. हे डोक्यात उलटंच बसतं, म्हणून एकदा हाताने करून पाहा.

तिसरं, चीकपीस. गाल टेकवायचा, पूर्ण भार सोडायचा, डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, डोळे उघडायचे. पुढचं वर्तुळ (नळीच्या टोकावरच्या साईटची रिंग) पीपच्या भोकात मधोमध दिसलं पाहिजे. खाली गेलेलं दिसलं तर डोळा खाली आहे, चीकपीस वर घ्या. वर दिसलं तर चीकपीस खाली. डावी-उजवीकडेही असंच, चीकपीस आडवी सरकवून. गाल दाबून वर्तुळ मध्ये आणायची सवय लागली की तिसाव्या शॉटनंतर मान थकते आणि ग्रुप एका बाजूला सरकत जातो.

चौथं, पीप साईट डोळ्यापासून ५ ते ८ सेंटिमीटर. रेलवर (साईट जिच्यावर बसते ती पट्टी) पुढे-मागे करून पाहा, पण बटची लांबी पक्की झाल्यावरच.

पाचवं, डाव्या हाताखालचा टेकू. वरच्या सगळ्या गोष्टी बरोबर असूनही निशाणा टार्गेटच्या खाली किंवा वर लागत असेल, तर हाताने उचलू नका, टेकूची उंची बदला. लांब हाताच्या मुलांना कमी टेकू पुरतो, आखूड हाताच्यांना जास्त लागतो. टार्गेटचं केंद्र जमिनीपासून १.४० मीटरवर असतं, म्हणून उंच मुलांची रायफल किंचित उतरती राहते. ते चूक नाही.

सगळं झालं की नैसर्गिक दिशा तपासा. निशाणा धरा, डोळे मिटा, श्वास सोडा, उघडा. रायफल टार्गेटच्या डावीकडे गेली असेल तर हाताने ओढायची नाही, मागचा पाय दोन-तीन सेंटिमीटर सरकवायचा आणि परत तपासायचं.

आणि प्रत्येक माप वहीत: बटची लांबी मिमीमध्ये, बटप्लेटच्या पट्टीवरचा आकडा, चीकपीसची उंची, साईटची रेलवरची जागा. पट्टी नसेल तर पांढऱ्या रंगाच्या पेनने बारीक रेघ. वाढत्या वयाच्या मुलांची मापं दर तीन महिन्यांनी परत घ्यायची.

---

एलन_की

मापांचं छान लिहिलंत. त्याला जोडून ट्रिगरबद्दल.

एअर पिस्तुलाला नियमाने किमान ५०० ग्रॅमचा ट्रिगर लागतो, एअर रायफलला किमान मर्यादा नाही. म्हणून जो तो ट्रिगर हलका करत सुटतो. नवशिक्याने करू नये. बोटाला ट्रिगर जाणवायच्या आतच शॉट सुटला की मूल ट्रिगरला घाबरायला लागतं, मग बोट लांब ठेवून झटका देतं. तो झटका मोडायला पुढे वर्ष जातं.

मॅच रायफलचा ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा मऊ, मग एक भिंत लागते, त्या भिंतीवर किंचित दाब दिला की शॉट. नवीन मुलासाठी एकूण ११० ते १२० ग्रॅम ठेवा, त्यातले ७०-८० ग्रॅम पहिल्या टप्प्यात. भिंत स्पष्ट जाणवली पाहिजे.

मोजायला वेगळं यंत्र लागत नाही. छोट्या प्लास्टिकच्या बाटलीला दोरा बांधा, दोऱ्याचा फास ट्रिगरवर बोट टेकतं तिथेच अडकवा. रायफल रिकामी, ड्राय फायरवर (पेलेट आणि हवेशिवाय नुसता ट्रिगर सुटतो ती सोय), कॉक केलेली, नळी छताकडे. बाटलीत थोडं थोडं पाणी ओता. ट्रिगर सुटला की बाटली दोऱ्यासकट स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. पाच वेळा करून सरासरी घ्या. पाच आकड्यांत १० ग्रॅमहून जास्त फरक पडत असेल तर ट्रिगरमध्ये धूळ किंवा सुकलेलं तेल आहे.

स्क्रू फिरवताना:

- मॅन्युअल समोर ठेवा. कुठला स्क्रू वजनाचा, कुठला टप्प्याच्या लांबीचा, हे प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळं असतं.
- सुरुवातीची जागा लिहून ठेवा: स्क्रू पूर्ण आत जाईपर्यंत किती फेरे लागतात ते मोजा आणि परत तिथेच आणा.
- एका वेळी एकच स्क्रू, पाव फेरा. मग मोजा.
- शेवटी रिकामी रायफल कॉक करून बटाला खालून तळहाताने चार-पाच वेळा थोपटा. आपोआप सुटली तर ट्रिगर धोकादायक हलका झाला आहे, लगेच मागे या.

ट्रिगरच्या आत तेलाचा फवारा कधीही मारायचा नाही. त्यात धूळ चिकटते आणि दोन महिन्यांत त्याची पेस्ट होते.

एलन की मेट्रिक आणि चांगल्या पोलादाच्याच घ्या. पुण्यात बोहरी आळीत चांगला सेट मिळतो. इंचातली की मेट्रिक स्क्रूत "बसते" असं वाटतं आणि तिसऱ्या वेळी स्क्रूचं डोकं गोल होतं. स्टॉकचे स्क्रू मॅन्युअलमधल्या टॉर्कने (किती जोराने आवळायचा तो आकडा), तोही दोन्हीकडे थोडा थोडा वाढवत. एक घट्ट आणि एक सैल राहिला की ग्रुप सरकतो आणि दोष साईटला दिला जातो. घट्ट झाल्यावर स्क्रूच्या डोक्यावरून स्टॉकवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू सैल झाला हे लांबूनही कळतं.

---

कोथरूड_१४२

पेलेट कुठले? दुकानदार डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे दाखवतो. नेमके कुठले घ्यायचे?

---

शिसं_आणि_कागद

तो आकडा पेलेटच्या डोक्याचा व्यास, मिमीमध्ये. कुठला बरोबर हे तुमची नळी सांगेल, दुकानदार सांगू शकत नाही. रायफलसाठी सपाट डोक्याचे, साधारण ०.५३ ग्रॅमचे पेलेट घ्या. आरडब्ल्यूएस आर१०, एच अँड एन फिनाले मॅच, जेएसबी मॅच ही नेहमीची नावं. ०.४५ ग्रॅमचे पिस्तुलासाठी असतात, डबा उचलताना वजन वाचा.

चाचणी अशी करा. वेगवेगळ्या मापांचे तीन-चार डबे जमवा, क्लबमध्ये दोघा-तिघांनी मिळून घेतले तर सोपं पडतं. रायफल वाळूच्या पिशवीवर किंवा व्हाइसमध्ये, पण नळीला काहीही टेकू न देता. डबा बदलला की पहिले पाच शॉट मोजायचे नाहीत. मग दहा शॉटचा ग्रुप, प्रत्येक डब्याचे तीन ग्रुप. भोकांच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजा. दहा शॉट ६.५ ते ७ मिमीत बसले तर नवशिक्याला त्याहून चांगला पेलेट शोधायची गरज नाही.

का, ते आकड्यांत पाहा. दहाचा ठिपका अर्धा मिमी, आणि दर रिंग २.५ मिमी अंतरावर. पेलेटची कड ठिपक्याला जेमतेम लागली की १०.०, तेव्हा पेलेटचं केंद्र मध्यापासून २.५ मिमीवर असतं. म्हणजे ०.१ गुण बरोबर ०.२५ मिमी. पेलेट बदलून मिळणारा फरक दोन-तीन दशांश असतो. मुलाचे शॉट आठ आणि नऊमध्ये पडत असतील तर कारण पेलेट नाही.

हिशोब: दर सरावाला ६० आणि वर वीसेक सायटर (गुणांत न धरायचे सुरुवातीचे शॉट) म्हणजे ८०. आठवड्यातून चार वेळा गेलात तर महिन्याला १३०० च्या आसपास. ५०० चा डबा धरला तर तीन डबे लागतात. बॅच नंबर जुळणारे डबे एकदम घ्या.

डबा हातातून पडला तर ते पेलेट सरावाला वेगळे काढा, त्यांची मागची पातळ कड वाकलेली असते. डबा खिशात किंवा बॅगेत खुळखुळत नेऊ नका, वर फोमचा तुकडा दाबून बसवा.

आणि हे शिसं आहे. पेलेट तोंडात धरायचे नाहीत. लेनवर खायचं नाही. सराव संपला की साबण आणि थंड पाण्याने हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात नाही. घरी लहान बाळ असेल तर जॅकेट आणि पेलेटची बॅग बाळाच्या हाती लागेल अशी ठेवू नका.

---

दोनशे_बार

सिलिंडरबद्दल मी लिहितो, कारण जिवाला धोका आहे तो इथे.

भरायची फक्त हवा. स्वच्छ, कोरडी, श्वास घेण्याच्या दर्जाची. ऑक्सिजन कधीही नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि ग्रीसचा एक थेंब एवढं स्फोटाला पुरतं. वेल्डिंगवाल्याकडे किंवा हॉस्पिटलच्या सिलिंडरवर "भरून घेऊ" असं कुणी म्हणालं तर तिथून निघा.

कृती: तारीख पाहा. अडॅप्टरची ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) पाहा. सिलिंडर हातानेच फिरवून बसवा, पाना नको. मोठ्या टाकीची झडप अगदी हळू उघडा, भरायला एक मिनिट तरी लागू द्या. २०० बारला थांबा. झडप बंद करा. ब्लीड स्क्रूने मधल्या नळीतली हवा सोडा. मगच सिलिंडर काढा. फिरत नसेल तर आत अजून दाब आहे, जोर लावू नका, परत ब्लीड करा.

घाईने भरलं की सिलिंडर गरम होतो आणि २०० दाखवलेला काटा अर्ध्या तासात १८५ वर येतो. ती गळती नसते. तसंच एप्रिलच्या दुपारी ४० अंशाला २०० भरलेला सिलिंडर एसी रेंजवर २२ अंशाला १८८ च्या आसपास दाखवेल. गळती तपासायची तर रोज एकाच वेळी, एकाच खोलीत काटा वाचून लिहा. तीन दिवसांत आकडा उतरत गेला तर मात्र गळती. साबणाचं पाणी ब्रशने सांध्यावर लावा, बुडबुडे जागा दाखवतील. नंतर तो भाग लगेच कोरडा पुसा.

भरलेला सिलिंडर बंद गाडीत उन्हात ठेवू नका.

क्लबच्या टाकीतून पूर्ण २०० येत नाही अशी तक्रार असते. समजा टाकी १० लिटरची आणि रायफलचा सिलिंडर ०.२ लिटरचा. ७० वरून २०० ला भरताना टाकीचा दाब अडीच बारने उतरतो. तुमच्या आधी दहा जणांनी भरलं असेल तर १७५ मिळणार. काही बिघडत नाही. रेग्युलेटर नळीकडे जाणारा दाब सारखाच ठेवतो, फक्त शॉट कमी मिळतील. ७० च्या खाली मात्र जाऊ देऊ नका, तिथून शॉट खाली पडायला लागतात. मोठ्या टाकीच्या हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने टाकी तपासणं) तारीखही क्लबला विचारत चला, तो आपला हक्क आहे.

हातपंप वापरणाऱ्यांनी: पुण्याच्या पावसाळ्यात पंपातून पाणी आत जातं. ओलावा शोषणारा फिल्टर लावा, पन्नास-साठ स्ट्रोकनंतर पंप थंड होऊ द्या, दर थांब्याला ब्लीड करा.

ओ-रिंगला फक्त सिलिकॉन ग्रीस, तेही बोटावर चमक दिसेल इतकंच. मशीनचं तेल, खोबरेल, सायकलचं ग्रीस यातलं काहीही दाबाच्या बाजूला नको.

सिलिंडर पूर्ण रिकामा करून महिनोन्महिने ठेवू नका, थोडा दाब राहिला की आतली सील बसलेली राहते. विमानाने स्पर्धेला जाताना मात्र रिकामा करून, रायफलपासून काढून, आणि एअरलाइनला आधी कळवून.

---

चष्मेवाला

साईटबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

पुढचं वर्तुळ फार लहान घेणं ही सगळ्यात मोठी चूक. काळ्या गोलाभोवती पांढरी कड इतकी बारीक उरते की डोळा तिच्याशीच झगडत बसतो आणि शॉट सोडवत नाही. काळा गोल ३०.५ मिमीचा आहे. नवशिक्याने ४ मिमीच्या आसपासच्या रिंगपासून सुरुवात करावी, पांढरी कड ठळक दिसली पाहिजे. मागची आयरिस १.१ ते १.२ मिमी. रेंजवर उजेड कमी असेल तर थोडी मोठी करा.

दुसरा डोळा मिटू नका. मिटलेल्या डोळ्याचे स्नायू उघड्या डोळ्यालाही ओढतात. काळी पट्टीही नको, अर्धपारदर्शक पांढरं प्लास्टिक लावा, म्हणजे दोन्ही डोळ्यांत उजेड सारखा राहतो. चष्म्यावर लावलं तर रुंदी ३० मिमीपेक्षा जास्त चालत नाही.

रोजच्या चष्म्यातून नेमबाजी करताना डोकं वळलेलं असतं, त्यामुळे डोळा काचेच्या कोपऱ्यातून पाहतो आणि वर्तुळ लांबट दिसतं. शूटिंग फ्रेममध्ये काच डोळ्यासमोर सरळ बसवता येते. नंबर काढताना डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा की पुढची रिंग, म्हणजे साधारण हातभर अंतराच्या पुढची वस्तू, स्वच्छ दिसायला हवी, आणि टार्गेट किंचित मऊ दिसलं तरी चालेल.

क्लिक: जर्मन बनावटीच्या बहुतेक पीप साईटवर एच आणि आर अशी अक्षरं आणि बाण असतात. त्याचा अर्थ शॉट वर लागला तर एचकडे फिरवा, उजवीकडे लागला तर आरकडे फिरवा. बरेच जण तो शॉट जाण्याच्या दिशेचा बाण समजतात आणि सायटरमध्ये शॉट आणखी लांब जातात. स्वतःच्या साईटवर एकदा खात्री करा: टेकू देऊन पाच शॉट, दहा क्लिक, परत पाच शॉट. दोन ग्रुपच्या मध्यांमधलं अंतर मिमीत मोजून दहाने भागा. तो आकडा स्टॉकवर चिकटपट्टीवर लिहून ठेवा.

---

पालक_वारजे

खूप उपयोग झाला. घरी ड्राय सराव कसा करायचा? हॉलमध्ये पाच मीटरच मिळतात.

---

चष्मेवाला

पाच मीटर पुरे. अंतर अर्धं, म्हणून काळा गोलही अर्धा: १५ मिमी. पांढऱ्या कागदावर छापा. उंची: उभ्या पोझिशनमध्ये तिचा डोळा जमिनीपासून किती उंच ते मोजा, आणि त्या आकड्याच्या आणि १४० सेंटिमीटरच्या बरोबर मध्ये गोल लावा. डोळा १५० सेंटिमीटरवर असेल तर १४५ वर. कागदावर समोरून उजेड पाडा. वीस मिनिटं, तीस ड्राय शॉट, रायफल ड्राय फायरवर. स्प्रिंगची रायफल असेल तर ड्राय फायर अजिबात नाही, पिस्टनची सील फुटते.

त्या खोलीत पेलेटचा डबा नसावा, हा नियम मोडायचा नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा गच्चीवर सराव नको, ड्रायसुद्धा नको. लांबून बघणाऱ्याला ती फक्त बंदूक दिसते.

---

मावळ_पाऊस

जूनपासून नळीवर आणि साईटच्या रेलवर तांबूस डाग येतात. रायफल केसमध्येच असते. सफाई किती दिवसांनी?

---

एलन_की

केसमध्ये असते म्हणूनच डाग येतात. केसचा फोम रेंजवरच्या दमट हवेचा ओलावा धरून ठेवतो. घरी आल्यावर केस उघडी करा, रायफल बाहेर काढा, बाहेरचं सगळं पोलाद कोरड्या सुती कापडाने पुसा. घामाचा हात लागतो त्या जागा, म्हणजे बोल्ट, नॉब, रेल, आधी. मग दोन थेंब गन ऑइल लावलेलं कापड हलकं फिरवा. रायफल कुलपाच्या कोरड्या कपाटात. केसमध्ये सिलिका जेल, नारिंगी रंगाचं घ्या. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशाला दोन तास तापवून परत वापरता येतं. जॅकेटही घडी न करता रुंद हँगरवर, पंख्याखाली. वॉशिंग मशीन नाही.

नळी आतून: दोन-तीन डब्यांनंतर एकदा. जाड नायलॉनचा दोरा बोल्टच्या बाजूने घालून तोंडातून बाहेर काढा, मागच्या टोकाला फेल्टचा तुकडा किंवा दीड सेंटिमीटरचं सुती कापड बांधा आणि तोंडाकडे ओढा. नेहमी त्याच दिशेने. काळेपणा कमी होईपर्यंत, तीन-चार वेळा. पोलादी सळई तोंडातून घालू नका, तोंडाच्या कडेला ओरखडा आला की ग्रुप कायमचा बिघडतो. नळीत तेल नाही. सफाईनंतरचे दहा-पंधरा शॉट इकडेतिकडे जातील, नळीला परत शिशाचा पातळ थर बसेपर्यंत. म्हणून स्पर्धेच्या आदल्या दिवशी सफाई करू नका.

ग्रुप बिघडला तर साईटला हात लावण्याआधी या क्रमाने पाहा. शॉट एकाखाली एक पडतायत: सिलिंडरचा दाब. दिवसाचा पहिला शॉटच वेगळा, बाकी ठीक: रेग्युलेटरमधून रात्रभरात थोडी हवा झिरपते, सायटरमध्ये दोन-तीन शॉट गेले की संपतं. फरक वाढत चालला तर सर्व्हिस. ग्रुप आडवा पसरतोय: पीप साईटचा क्लॅम्प, स्टॉकचे स्क्रू, मग नैसर्गिक दिशा. बोल्टजवळ "फुस्" आवाज: ब्रीचची (नळीचं मागचं, पेलेट घालायचं टोक) ओ-रिंग.

---

दोनशे_बार

ब्रीचच्या ओ-रिंगबद्दल एवढंच की ती काढताना सुई किंवा पिन वापरू नका, खाच खरवडली जाते. लाकडी टूथपिकने उचला. नवीन आणायला जाताना जुनी बरोबर न्या, पण वापरलेली रिंग दबून चपटी झालेली असते, त्यामुळे तिच्यावरून जाडी मोजून घेतलेली रिंग सैल बसते. मॅन्युअलमधला पार्ट नंबर देऊन त्याच कंपनीची मागवा आणि एक जादा ठेवा.

---

शिसं_आणि_कागद

सेफ्टी फ्लॅग, म्हणजे रायफल रिकामी आहे हे दाखवणारा दोरा, राहिला. एअर रायफलला तो नळीच्या पूर्ण लांबीतून जाऊन तोंडातून बाहेर दिसला पाहिजे. गवत कापायच्या मशीनचा चमकदार नारिंगी नायलॉन दोरा त्याला चालतो, व्यास नळीपेक्षा कमी बघून घ्या. दोन्ही टोकं पॉलिश पेपरने गोल करा, कापलेली धार नळीच्या तोंडावर घासते. दोन बनवा: एक रायफलमध्ये, एक पेलेटच्या बॅगेत.